कॅनखालचे दोन हात

बिभीषण ढगे याने गेल्या चोवीस-पंचवीस वर्षांत दोन-तीन हजार माणसं तरी कापली असतील, पण रक्ताचा एक थेंब कधी सांडला नाही. त्याला कधी झोप न येण्याचा त्रासही झाला नाही. नगरला माळीवाड्याच्या मागच्या गल्लीत नूरमहंमद तांबोळी यांचा 'चौरंग ऑफसेट' नावाचा छापखाना आहे. तिथे खिडकीशेजारच्या कॉम्प्युटरवर बसून तो लग्नपत्रिका, दशक्रियेच्या चिठ्ठ्या, पतसंस्थांचे अहवाल आणि मोठ्या माणसांचे गौरवग्रंथ जुळवतो. पानावर फोटोसाठी चौकट आखायची, तिच्यात फोटो सोडायचा, आणि चौकटीत जे मावत नाही ते बाहेर ठेवायचं, हे त्याचं काम. बाहेर काय ठेवायचं ते गिऱ्हाईक सांगतं. गिऱ्हाईक बहुतेक वेळा नातेवाइकांचीच नावं घेतं.

"साडू काढा," कुणी म्हणतो. बिभीषण साडू काढतो. "ही पहिली सून हाय, आता न्हाई ती आमच्यात," कुणी सासू म्हणते. बिभीषण चौकटीची कड बोटभर आत सरकवतो, की सून गेली. माणूस जाताना कुरकुर करत नाही, फक्त त्याचा हात मागे राहतो. हात ही या धंद्यातली सगळ्यात चिवट गोष्ट. डोकं सहज कापलं जातं, पण खांद्यावर टाकलेला हात त्या खांद्याबरोबरच येतो. नगर जिल्ह्यातल्या कित्येक घरांत भिंतीवरच्या आजोबांच्या खांद्यावर कुणाचीतरी चार बोटं आहेत. ती कुणाची, हे आता घरातही कुणाला सांगता येत नाही.

बिभीषणने या कामाचं एक तत्त्वज्ञान केलं होतं. ते असं, की ओढणं पाप आणि कापणं धंदा. हे त्याला फुकट मिळालं नव्हतं. सहा महिन्यांचा डीटीपीचा कोर्स करून तो चौरंगमध्ये लागला, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका पतसंस्थेच्या चेअरमनचा उभा फोटो त्याला आडव्या चौकटीत बसवायचा होता. त्याने कोपरा धरला आणि ओढला. फोटो चौकटीत चपखल बसला. चेअरमनचं तोंड मात्र बाजरीच्या भाकरीएवढं झालं, आणि अहवालाच्या दोन हजार प्रती तशाच घरोघर गेल्या. खुद्द चेअरमनीणबाईंनी नवऱ्याला चष्म्यावरून ओळखलं म्हणतात. नूरचाचांनी बिभीषणला समोर उभं केलं आणि एकच वाक्य बोलले, "बेटा, शिफ्टचं बटण दाबून ओढ. म्हणजे माणूस लहान होतो, मोठा होतो, पण माणूस राहतो."

तेव्हापासून बिभीषण शिफ्टचा भक्त झाला. केडगावहून स्कूटरवर येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे वाढदिवसाचे फ्लेक्स तो डॉक्टरासारखा तपासत येई. "हा बारा टक्के आडवा ओढलाय. ह्याची मान दाबलीय." लग्नाला गेला तर नवरानवरीकडे न बघता पडद्यावरचे त्यांचे फोटो बघे आणि ताटावर बसूनही हळहळे. बायको चांगुणा त्याला म्हणायची, "अहो, त्यांचं त्यांना गोड वाटतंय ना, तुमी जिलबी खा." एखाद्याला फोटोतून समूळ काढताना त्याने कधी मागेपुढे पाहिलं नाही. पण कुणाचा गाल अर्धा इंच ओढलेला दिसला, की तो दिवसभर तेच सांगत फिरायचा. माणसं आपापल्या सोयीने संवेदनशील असतात, बिभीषण तर पगारी होता.

छापखान्यात आणखी एक नियम होता. नूरचाचांनी तो पुठ्ठ्यावर लिहून बिभीषणच्या डोक्यावर टांगला होता. 'सही झालेल्या प्रूफला हात लावू नये.' त्यामागेही बिभीषणच होता. एका पुण्यस्मरणाच्या पत्रकातला फोटो तिरका दिसला, म्हणून सही झाल्यावर त्याने आपल्या मनाने सरळ केला. दुसऱ्या दिवशी मयताचे तिन्ही मुलगे दारात हजर. "आमचे दादा आयुष्यभर मान वाकडी करूनच हुबं राहिले. तुमी कोन सरळ करनारे?" तेव्हापासून सही झाली, की बिभीषण आंधळा. चूक दिसली तरी ती गिऱ्हाइकाची. सही हे तिचं खरेदीखत.

*

आप्पासाहेबांच्या पंचाहत्तरीचं काम चौरंगला मिळालं, ते हर्षलमुळे. आप्पासाहेब म्हणजे पारनेर तालुक्यातल्या बोरमळ्याच्या दूध संस्थेचे संस्थापक. शाळेचेही संस्थापकच, आणि जे जे स्थापन होण्यासारखं होतं त्या सगळ्याचेच. हर्षल त्यांचा मुलगा. पुण्यात एमबीए करून परत आला होता आणि गावाला आपण परत आल्याचा उपयोग व्हावा अशी त्याची फार इच्छा होती. ग्रंथाचं नाव त्यानेच ठरवलं होतं, 'दुग्धसूर्य'. पानं दोनशे चाळीस. त्यातल्या साठ पानांवर मजकूर आणि उरलेल्यांवर फोटो.

हर्षल गठ्ठा घेऊन आला तेव्हा प्रत्येक फोटोवर त्याने पारदर्शक कागद चिकटवून त्यावर लाल फुल्या मारल्या होत्या. फुली म्हणजे हा माणूस बाहेर.

"हे कोण इतक्या ठिकाणी?" बिभीषणने विचारलं. एकच मिशीवाला गृहस्थ तीसेक फोटोंत आप्पांच्या उजव्या हाताला उभा होता आणि तीसही ठिकाणी त्याच्या तोंडावर फुली होती.

"अमृतकाका. सख्खे काका माझे," हर्षल म्हणाला. "मागच्या निवडणुकीत विरोधी पॅनल केलं त्यांनी. स्टोरीलाइनमध्ये बसत नाहीत आता."

बिभीषणने अमृतकाकांना तीस ठिकाणांहून काढलं. दीड दिवस लागला. श्रमदानाच्या फोटोत आप्पांच्या हातात फावडं होतं, आणि बाजूला ते परत घ्यायला हात पुढे करून उभा असलेला मजूर. मजूर काढला. रक्तदान शिबिरात आप्पा खाटेवर झोपले होते. नळी मात्र शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या दंडात होती. खाट काढली. सगळ्या चौकटींना त्याने एकच स्टाईल लावून ठेवली होती, म्हणजे रेघेची जाडी किंवा कोपऱ्याची गोलाई एका जागी बदलली की सगळ्या पुस्तकात बदलावी. इतक्या वर्षांच्या अनुभवाने आलेली हुशारी होती ती. हुशारी कुणाच्या हाताला लागेल हे मात्र अनुभवाला कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सतराव्या पानाचा फोटो स्कॅन झाला. खाली कॅप्शन होतं, 'पहिला कॅन, १९८६'. गावातलं दूध पहिल्यांदा नगरला निघालं तो दिवस. रस्त्याला टेम्पो उभा, मागे चारदोन फेटेवाले. फोटोच्या बरोबर मध्ये एक काळासावळा, धोतर खोचलेला माणूस दोन्ही हात कॅनखाली घालून तो टेम्पोत चढवतोय. दंडाच्या शिरा दोरखंडासारख्या. डाव्या कडेला इस्त्रीचा सदरा घातलेले तरुण आप्पासाहेब. त्यांनी एक हात कॅनच्या झाकणावर ठेवलाय आणि ते कॅमेऱ्याकडे बघतायत.

बिभीषणने फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. कॅनवाला त्याचा बाप होता.

कारभारी ढगे वारला तेव्हा बिभीषण बारा वर्षांचा होता. त्याच वर्षी आई, झुंबरबाई, त्याला घेऊन बोरमळा सोडून केडगावात राहायला आली. घरात बापाचा म्हणून एकच फोटो होता. संस्थेच्या ओळखपत्रावरच्या नखाएवढ्या चेहऱ्यावरून स्टुडिओवाल्याने तो मोठा करून दिला होता आणि रिकामं अंग बरं दिसेना म्हणून खाली कोट-टाय रंगवला होता. त्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या सगळ्या मयतांना तोच कोट होता. आयुष्यात बंडीवर शर्ट घालायचा कंटाळा करणारा कारभारी भिंतीवर टाय बांधून बसला होता. झुंबरबाईने त्याला कधी हार घातला नाही. म्हणायची, "ह्यो तुजा बाप न्हाई. ह्यो कोनतरी तलाठी हाय."

त्या संध्याकाळी बिभीषणने स्क्रीनवरचा फोटो मोबाईलमध्ये घेतला आणि घरी आल्या आल्या आईसमोर धरला. झुंबरबाईने चष्मा लावला आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो खरा," ती म्हणाली. "पुस्तकात आसाच येनार?"

"व्हय. पानभर."

"अन् पुस्तक कुनाकुनाला देनार?"

"बोरमळ्यात घरटी एक. संस्थेच्या सगळ्या सभासदांना."

"मंग झालं," ती म्हणाली. "समदं गाव म्हनतंय, पहिला कॅन आप्पानं उचलला. शाळंच्या भिंतीवर रंगवलंय तसं. आता बघू द्या."

"आई, मी तुला छापून देतो ना मोठा. घरात लावू."

"घरात कशाला? मी बघितलाय त्याला. गावानं बघाया पायजे."

आणि तिने तिथल्या तिथे चांगुणाला फोन लावायला सांगितला, बोरमळ्याला, नणंदेला. नणंद म्हणजे कारभारीची धाकटी बहीण लंकाबाई. लंकाबाईला सांगितलं म्हणजे दवंडी द्यायची गरज उरत नाही. सकाळपर्यंत गावातल्या निम्म्या घरांना कळलं, की कारभारी पुस्तकात पानभर येतोय.

*

दुसऱ्या दिवशी हर्षल आला आणि सतराव्या पानापाशी थांबला.

"हे बदलायचंय. कॅनवाला मध्ये येतोय. आप्पांना सेंटरला घ्या."

बिभीषण चोवीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढे चाचरला. "साहेब, ते... ते आमचे वडील आहेत."

"काय सांगता!" हर्षलला खरोखरच आनंद झाला. त्याने बिभीषणच्या पाठीवर थाप मारली. "किती छान योगायोग. तुमच्या वडिलांनी आप्पांबरोबर काम केलंय, आणि आज तुम्ही त्यांचा ग्रंथ करताय. हे मी भाषणात घेणार." मग तो स्क्रीनकडे वळला. "पण ते मध्ये येतात ना. काढा."

"पहिलं दूध आमच्या गोठ्यात जमा केलं होतं, साहेब. सहा घरांचं."

"हो हो. आभारात नाव टाकू त्यांचं. तळटीपेत."

हर्षल शेजारी खुर्ची ओढून बसला. बिभीषणला माणूस काढायच्या जितक्या युक्त्या येत होत्या, त्या सगळ्या त्याने त्या दिवशी माणूस ठेवण्यासाठी वापरून पाहिल्या. फोटो जरा लहान केला, म्हणजे कडेला बाप मावेल. "आप्पा बारीक दिसतायत," हर्षल म्हणाला. चौकट आडवी वाढवली. "मजकुरावर जातेय." फोटो डावीकडे सरकवला. "हे कोपर कुणाचं?" बिभीषणने कोपर काढलं. शेवटी आप्पासाहेब मधोमध आले, कॅनसकट. कॅन ठेवणं भाग होतं, नाहीतर कॅप्शनला अर्थ उरला नसता. कॅन राहिला म्हणून कॅनखालचे दोन हातही राहिले. मनगटापर्यंतचे, शिरा ताणलेले, बिनमाणसाचे.

"साहेब, हे हात?"

हर्षलने मान तिरकी करून पाहिलं. "राहू देत. श्रमाचं प्रतीक वाटतं."

ज्याने हजारो घरांतून साडू, सुना आणि भाऊ हलक्या हाताने बाहेर काढले, त्याने त्या दिवशी दुपारचा डबा तसाच परत नेला. घरी आई काही विचारेल म्हणून चौकातच चहा पीत बसला. लोकांना आपण किती सहज कापलं, असा काही थोर विचार त्याच्या मनात आला असं लिहिता आलं असतं. पण त्याला फक्त लंकाबाईचं तोंड दिसत होतं. घरी गेला तर झुंबरबाईने एवढंच विचारलं, "सतरावं पान ना?" लंकाबाईने पानाचा नंबरही विचारून ठेवला होता.

"सतरावंच," बिभीषण म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

*

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना शेजारच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा गौरवग्रंथ निघाला. तो 'दुग्धसूर्य'पेक्षा दोन इंच लांब आणि दीड इंच रुंद होता. हर्षल धापा टाकत छापखान्यात आला.

"आकार वाढवा. त्यांच्यापेक्षा मोठा पाहिजे."

"पानं मोठी होतील, साहेब, चौकटीही होतील. पण प्रत्येक फोटो पुन्हा हाताने बसवावा लागेल. तीन दिवस."

"तीन दिवस? बिभीषणराव, कुठल्या जगात आहात? हे एका क्लिकचं काम आहे. मी व्हिडिओ बघितलाय. उठा जरा."

बिभीषण उठला. हर्षल त्याच्या खुर्चीत बसला. पानं मोठी झाली, चौकटीही मोठ्या झाल्या, आणि फोटो जुन्याच मापाचे राहून चौकटींच्या कोपऱ्यात बसले, मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरांसारखे. हर्षलने इकडे तिकडे दाबलं. मग त्याला चौकटींची ती एकच स्टाईल सापडली. तिच्यात फोटो कसा बसवायचा याचे दोनचार पर्याय होते. 'चौकट पूर्ण भरा' हा एक. त्याने चौकटीला कुठे फट राहत नाही, पण किती कापायचं आणि कुठून, ते माणसाने बघावं लागतं. दुसरा पर्याय 'फोटो पूर्ण मावेल असा बसवा'. 'पूर्ण' हा शब्द हर्षलला आवडला. त्याने तो निवडला आणि बटण दाबलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी बिभीषणला माहीत होती आणि एमबीएला शिकवत नाहीत. चौकट फोटो कापत नाही, फक्त झाकते. चौकटीबाहेर घालवलेला माणूस कुठेही गेलेला नसतो, कडेमागे जसाच्या तसा उभा असतो. फोटो पूर्ण बसवा म्हटलं, की तो पूर्ण बसतो. सगळ्यांसकट.

स्क्रीनवर एका वेळी सोळा पानं दिसत होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी. बटण दाबताच ती लवलवली आणि स्थिर झाली. चौकटींच्या कडेला थोडी थोडी रिकामी पट्टी राहिली, तिच्यात मागचा मोतिया रंग दिसू लागला.

"बघा," हर्षल म्हणाला. "बॉर्डरही आली. क्लासी दिसतंय. तीन दिवस म्हणे."

सतराव्या पानाचं तिकीट वरून दुसऱ्या ओळीत होतं. त्यात एक काळा ठिपका बरोबर मध्ये उभा होता. बिभीषणला चष्म्याची गरज पडली नाही.

"साहेब," तो म्हणाला, "पानं एकदा मोठी करून बघा."

हर्षलचा फोन वाजत होता. "मी बघितलंय हो. ओव्हरऑल फील महत्त्वाचा. प्रूफ काढा, समितीच्या सह्या घ्या."

बिभीषण खुर्चीमागे उभा राहिला. पुन्हा सांगावं का, याचा त्याने विचार केला. एकदा सांगणं हे नोकराचं काम, दोनदा सांगणं मालकाचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःला पटवायला याहून कमी श्रम त्याला कधी पडले नव्हते. त्याने प्रूफ काढलं.

ग्रंथ समितीत अकरा जण होते. आपल्याकडे समितीत प्रूफ वाचायची एक पद्धत आहे. सदस्य जिभेला बोट लावतो, पानं उलटत उलटत स्वतःच्या फोटोपाशी येतो, तिथे थांबतो, प्रूफ लांब धरतो, जवळ धरतो, म्हणतो "बरंय", आणि सही करतो. या वेळी तर सगळ्यांनाच बरं वाटलं, कारण आधीच्या प्रूफात ज्यांचे खांदे कापले गेले होते ते आता कमरेपर्यंत आले होते. एक सदस्य तर चपलांसकट आला. अकरा सह्या झाल्या. सगळ्यात वर हर्षलची, इंग्रजीत, खाली दोन रेघा मारून.

छापायच्या आधी नूरचाचांनी प्रूफ चाळलं. ते स्वतःचा फोटो शोधत नव्हते, त्यामुळे त्यांना सगळं दिसलं. रक्तदानाच्या पानावर ते थांबले. अमृतकाकांच्या आठव्या फोटोला त्यांनी चष्मा काढून पुसला. सतराव्या पानावर जरा जास्त थांबले.

"हा कारभारी का?"

"व्हय, चाचा."

"तुझ्यासारखाच वाकलाय." त्यांनी पान मिटलं. "सह्या?"

"अकरा."

नूरचाचांनी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. "मग आपण कोण?" ते म्हणाले आणि मशीनकडे गेले.

*

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर झाला. प्रत्येक सभासदाला स्टीलचा डबा आणि त्यात गौरवग्रंथ. डब्यासाठी रांग लागली होती. पुस्तक डब्यातच राहिलं असतं, पण प्रमुख पाहुण्यांचं भाषण पाऊण तास चाललं आणि लोकांना हाताला काहीतरी चाळा हवा होता. आधी एका कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसऱ्या. मग मांडवभर पानांची सळसळ सुरू झाली.

"आयला, रगत तर दुसऱ्याचंच चाललंय."

"फावडं मागतोय बघ तो. दे म्हनतोय माजं."

"अमृत किती येळा आलाय? आप्पापेक्षा जास्त. आप्पा निम्म्या फोटूत पाठमोरा हाय."

अमृतकाका तिसऱ्या रांगेत, आमंत्रण नसताना मुद्दाम येऊन बसले होते. ते एकेक पान उलटून स्वतःला मोजत होते आणि आंबट करायचं ठरवून आणलेलं त्यांचं तोंड गोड होत चाललं होतं. व्यासपीठावर हर्षल पांढराफटक पडला होता.

बिभीषण मांडवाच्या कडेला आई आणि चांगुणाबरोबर उभा होता. झुंबरबाईने पुस्तक उघडलं नव्हतं, नुसतं पोटाशी धरलं होतं. ती बायकांच्या बाजूला बघत होती. तिथे लंकाबाई सतरावं पान उघडून रांगेरांगेने फिरत होती. "माजा भाऊ. कॅन बग कुनी उचललाय. अन् हात बग कुनी ठेवलाय."

आप्पासाहेब मात्र पन्नास वर्षं निवडून येत होते. असा माणूस पाय घसरला तर लोटांगण घातल्यासारखं दाखवतो. पाहुणे बसताच त्यांनी माईक घेतला.

"पोरं मला म्हनली, आप्पा, ह्याला काढा, त्याला काढा. मी म्हनलो, एकाला पन काढायचं न्हाई. जे हुते ते समदे दिसले पायजेत. माजा अमृत दिसला पायजे." टाळ्या पडल्या. अमृतकाकांना वर नेण्यात आलं. दोघे भाऊ गळ्यात पडले आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभे राहिले. मग आप्पांनी पुस्तक वर धरलं. "सतरावं पान बगा. ह्यो कारभारी ढगे. पहिला कॅन ह्यानं उचलला. ह्याच्या दंडावर संस्था उभी राहिली."

अडतीस वर्षांत हे नाव त्या मैदानावर पहिल्यांदा माईकमधून आलं. चांगुणाने डोळ्याला पदर लावला. झुंबरबाईने लावला नाही.

"पुस्तकात आला म्हनून तोंडात आला," ती म्हणाली. "चला, जीप गेली तर मंग एसटी न्हाई."

पुढच्या महिन्यात अमृतकाका संस्थेत संचालक झाले. हर्षल चौरंगमध्ये येऊन फार ओरडला. नूरचाचांनी त्याला पाणी दिलं आणि अकरा सह्यांचं प्रूफ समोर ठेवलं. सगळ्यात वरची सही त्याने ओळखली. जाताना म्हणाला, की ही सर्वसमावेशक संकल्पना मुळात त्याचीच होती, आणि त्याची लोकांकडून पावती मिळतेय. तो खोटं बोलत नव्हता. तोवर त्याला ते खरंच वाटू लागलं होतं.

*

एका रविवारी झुंबरबाईने भिंतीवरचा कोट-टायवाला खाली उतरवला, काचेवरची धूळ पुसली आणि तो बिभीषणच्या मांडीवर ठेवला.

"ह्या चौकटीत तुज्या बापाचा खरा फोटू बसवून आन. गावानं बघितला. आता घरात लावू."

बिभीषणने पाहिलं. चौकट उभी होती, फोटो आडवा. "आई, पूर्ण नाही मावायचा यात. काहीतरी जाणार."

"जाऊ दे की. त्यो आप्पा काढ. आपल्या घरात कशाला त्यो?"

सोमवारी सकाळी नूरचाचा यायच्या आत बिभीषणने कॉम्प्युटर सुरू केला. उभी चौकट आखली, मूळ फोटो आत सोडला, शिफ्ट दाबून मोठा केला आणि बापाला मधोमध आणलं. धोतर, बंडी, शिरा, सगळं जसंच्या तसं, एक टक्काही न ओढलेलं. आप्पासाहेब डावीकडून सरकत सरकत बाहेर गेले. आधी सदरा गेला, मग खांदा, मग कोपर. हात तेवढा राहिला. झाकणावर ठेवलेला, स्वच्छ नखांचा, बिनमाणसाचा. कॅन ठेवायचा तर तो हातही ठेवावा लागत होता.

संध्याकाळी घरी आणून त्याने प्रिंट जुन्या चौकटीत बसवली आणि भिंतीला टांगली. झुंबरबाई समोर उभी राहून बघू लागली. चांगुणाने हार आणून ठेवला होता.

"झाकणावर ह्यो हात कुनाचा?" झुंबरबाईने विचारलं.

"आप्पासाहेबांचा. म्हणशील तर पुसून टाकतो. येतं तसं."

झुंबरबाईने हार उचलला, चौकटीवरून टाकला आणि कारभारीचं तोंड झाकलं जाऊ नये म्हणून जरा बाजूला सरकवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तेवढा हात लावलाच हुता त्यानं."